तंबाखूचं नंतर बघू

प्रश्न : डॉक्टर, मी कल्याणला राहते. माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे, रिक्षा चालवतो. पाच-सहा वर्षं तो पन्नीवर ब्राऊन शुगर ओढत होता. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात राहून आला, दोन्ही वेळा बाहेर आल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू. आता आठ महिने तो जिभेखाली ठेवायची गोळी घेतो आणि पावडर बंद आहे. घरी पैसे देतो, माझ्या मुलीला शाळेत सोडतो. पण तंबाखू भयंकर वाढलीय. आधी दिवसातून चार-पाच वेळा खायचा, आता सकाळी घेतलेली पुडी संध्याकाळी संपते. रात्री उठूनसुद्धा बार भरतो. खालच्या ओठाच्या आत पांढरट झालंय. आई म्हणते, "पावडर सुटली हेच नशीब, तंबाखूचं काय घेऊन बसलीस?" केंद्रातले म्हणाले, एका वेळी एकच व्यसन सोडवायचं. मागे मी भांडून दोन दिवस तंबाखू बंद करायला लावली, तर तिसऱ्या दिवशी तो गोळी आणायलाच गेला नाही. घाबरून मीच पुडी आणून दिली. नातेवाईक म्हणतात, ती गोळी म्हणजेही नशाच, आधी ती बंद करा, मग तंबाखूचं बघा. काय करू?

उत्तर : ताई, त्या दिवशी पुडी आणून दिलीत ते योग्यच केलंत. त्याची गोळी चुकणं हा तंबाखूपेक्षा कितीतरी जवळचा धोका होता. पण म्हणून आईचं म्हणणंही मला मान्य नाही. गोळी चालू ठेवायची आणि तंबाखूवरचे उपचार आत्ताच सुरू करायचे. तेही त्याच केंद्रात, त्याच डॉक्टरांकडे.

आधी गोळीबद्दल, कारण नातेवाइकांचा रोख तिच्यावर आहे. तिचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. पावडर मेंदूत ज्या ठिकाणी जाऊन बसते, त्याच ठिकाणी ही गोळी बसते, पण अर्ध्याच जोराने काम करते. त्यामुळे टर्की, म्हणजे पावडर बंद झाल्यावरचा त्रास, येत नाही आणि ठरलेल्या डोसवर नशाही होत नाही. जागा गोळीने अडवलेली असल्यामुळे वरून पावडर ओढली तरी तिचा फारसा परिणाम जाणवत नाही. भाऊ रिक्षा चालवून घरी पैसे आणतोय, भाचीला शाळेत सोडतोय. नशेत असलेल्या माणसाला हे आठ महिने जमत नाही. गोळी घाईने बंद केलेले बरेचसे लोक पावडरकडे परत जातात, आणि तेव्हा शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी सहज पचणारा डोस तेव्हा जीव घेतो. गोळी किती दिवस घ्यायची, असं लोक मला विचारतात. मी म्हणते, मधुमेहाच्या गोळीबद्दल हा प्रश्न तुम्ही एवढ्या घाईने विचारत नाही.

आता तंबाखू का वाढली ते बघू. पावडरवरच्या माणसाचा सगळा दिवस पावडरीतच जातो. पैसे जमवायचे, माल कुठे मिळतोय ते शोधायचं, आडोसा बघायचा. ते थांबलं की स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेल्या माणसाचे हात रिकामे होतात, आणि चुन्याची डबी खिशातच असते. हे तुम्हालाही दिसलं असेल. दुसरं कारण मात्र बाहेरून दिसत नाही. तंबाखूतलं निकोटिन शरीरात फार टिकत नाही. साधारण दोन तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं आणि माणूस बेचैन होतो. चिडतो, लक्ष लागत नाही, झोप मोडते. पावडरवरून उतरलेल्या माणसाला ही बेचैनी ओळखीची वाटते. त्याला वाटतं, टर्की येतेय, गोळी पुरत नाही. मग तो डोस वाढवून मागतो, नाहीतर पन्नीची आठवण काढतो. म्हणून "गोळी पुरत नाही" म्हणणाऱ्याला मी विचारते, हे नेमकं कधी वाटतं? उत्तर "सकाळी उठल्या उठल्या, पहिला बार भरेपर्यंत" असं आलं, तर गोळीकडे वळण्याआधी मी तंबाखूकडे बघते.

तिसरं कारण सांगायला पेशंट लाजतात. ब्युप्रेनॉर्फिनने बद्धकोष्ठता होते, आणि तंबाखू खाल्ल्याशिवाय पोट साफ होत नाही ही आपल्याकडची जुनी तक्रार. दोन्ही एकत्र आलं की सकाळची चिमूट सुटणं कठीण. याला साधं औषध आहे, डॉक्टरांकडे मागून घ्यायला सांगा. नुसत्या इसबगोलावर विसंबू नका. पाणी कमी पिणाऱ्याला त्याने उलट त्रास होतो.

गोळी घेताना त्याच्याकडे नीट बघता का? आमच्या ओपीडीत एक तरुण यायचा. सिस्टर त्याच्या जिभेखाली गोळी ठेवायच्या आणि तो बाकावर बसायचा. डोस वाढवत नेला तरी "संध्याकाळी अंग मोडतं" ही तक्रार जाईना. एकदा सिस्टरनी त्याला आधी चूळ भरायला लावली. बेसिनमध्ये तपकिरी पाणी, त्यात तंबाखूचे तुकडे. खालच्या ओठात बार तसाच ठेवून तो रोज जिभेखाली गोळी घेत होता. तंबाखूने तोंडाला पाणी सुटतं, ते तो बाहेर जाऊन थुंकायचा, आणि थुंकीबरोबर औषधही जायचं. ही गोळी गिळून फारसा उपयोग नाही, थुंकून तर नाहीच. ती तोंडातल्या नाजूक त्वचेतूनच रक्तात जायला हवी, आणि त्याला पाच-दहा मिनिटं लागतात. तेव्हापासून आमच्याकडे आधी चूळ, मग गोळी. गोळीच्या आधी किमान पंधरा मिनिटं तोंडात तंबाखू नाही, विडी-सिगारेटही नाही. त्या तरुणाची तक्रार डोस न वाढवता गेली. तुमच्या भावाला एवढं एक उद्यापासून करता येईल.

गोळी पूर्ण विरघळल्यावर पाण्याचा मोठा घोट घेऊन तोंडात सावकाश फिरवायचा आणि गिळायचा. ब्रश मात्र तासाभराने. या गोळीने दात किडू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२२ मध्ये दिला आहे. तंबाखूमुळे आधीच हिरड्या दातांपासून सुटलेल्या तोंडात ही काळजी जास्तच घ्यायला हवी.

ओठातल्या पांढऱ्या डागासाठी याच आठवड्यात दंतवैद्य किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. दुखत नाही म्हणून थांबू नका. तो जी गोळी घेतो ती वेदनाशामकही आहे, त्यामुळे तोंडातली जखम त्याला उशिरा जाणवू शकते. तो सुपारी, मावा, खर्रा, गुटखा यांतलं काही खात असेल, तर तोंड उघडायला सांगून स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून आत जातात का, तेही बघा. जात नसतील तर तंबाखू सुटायची वाट न बघता तपासणी.

आता सोडवायचं कसं. दोन दिवस पुडी बंद करून तुम्ही पाहिलंत ते काय होतं, तर औषधाशिवाय सोडलेलं निकोटिन. पावडर सोडताना आपण त्याला गोळीचा आधार दिला. तंबाखू मात्र नुसत्या मनाच्या जोरावर सोड, असं सांगितलं. हा दुजाभाव मला कधी कळलेला नाही.

व्हॅरेनिक्लिन नावाचं औषध आहे. गंमत म्हणजे त्याचं काम भावाच्या गोळीसारखंच चालतं. निकोटिन मेंदूत जिथे बसतं तिथे ते बसतं आणि अर्ध्या जोराने काम करतं. तलफ कमी होते, वरून तंबाखू खाल्ली तर मजा येत नाही. पहिल्या आठवड्यात अर्ध्या मिलिग्रॅमपासून चढवत नेऊन पुढे एक मिलिग्रॅम दोन वेळा, एकूण बारा आठवडे. तंबाखू पहिल्याच दिवशी टाकायची नसते. आठवडाभराने सोडायची तारीख ठरवायची. मळमळ होते, म्हणून जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं. स्वप्नं फार ठसठशीत पडतात, हे आधीच सांगून ठेवलं तर माणूस घाबरत नाही. ते शरीरात फारसं न बदलता लघवीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे ब्युप्रेनॉर्फिनशी त्याची झटापट होत नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डोस कमी करावा लागतो. याने माणूस वेडावाकडा वागतो असं कुणी सांगेल. तसा ठळक चौकटीतला इशारा अमेरिकेत २००९ पासून औषधाच्या माहितीपत्रकावर होता. आठ हजारांवर लोकांच्या चाचणीनंतर तो २०१६ मध्ये काढला गेला, आणि त्या लोकांत मानसिक आजार असलेलेही होते.

निकोटिन गमही मिळतं, पण आपल्याकडे ते च्युइंगमसारखं चावून थुंकतात आणि मग "उपयोग झाला नाही" म्हणतात. दोन-चार वेळा चावायचं, चुरचुर सुरू झाली की गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवायचं. चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. चहा, कॉफी, लिंबूसरबत त्याआधी पंधरा मिनिटं नाही. तोंड आंबट झालं की निकोटिन आत शिरत नाही. भावाला हे लवकर कळेल, कारण तंबाखूत चुना मळतात तो याच्या बरोबर उलट कामासाठी. चुन्यामुळे निकोटिन मोकळं होऊन झटकन रक्तात जातं. तरीही चघळण्याच्या तंबाखूवर नुसत्या गमचा फार गुण येतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. व्हॅरेनिक्लिनचा पुरावा त्याहून बरा आहे, म्हणून मी त्याच्यासाठी ते आधी विचारात घेईन. गोळी तोंडात असताना गम नको, हे वेगळं सांगायला नकोच.

खरं सांगायचं तर अशा उपचारांत असलेल्यांना तंबाखू सोडणं इतरांपेक्षा जड जातं आणि बरेचदा एकाहून जास्त वेळा सुरुवात करावी लागते. सोडलेली तंबाखू पुन्हा खाल्ली गेली म्हणून त्याने गोळीची वारी चुकवता कामा नये. ही अट त्याला आजच सांगून ठेवा, आणि तुम्हीही पाळा. खिसे तपासणं, पुडी फेकणं बंद करा. तंबाखू जिथून घेतो त्या टपरीवर पूर्वीचे पावडरवाले भेटतात का, एवढं मात्र विचारा. भेटत असतील तर त्याच्या घसरण्याचा रस्ता तिथूनच जातो. आणि तंबाखूच्या पाकिटावर १८००-११-२३५६ हा नंबर छापलेला असतो. तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या राष्ट्रीय क्विटलाइनचा आहे, फुकट आहे. तुम्ही नको, त्यालाच लावू दे.

प्रश्न : मी मराठवाड्यातल्या एका निवासी व्यसनमुक्ती केंद्रात कार्यकर्ता आहे. आमच्याकडे पेशंटना दिवसातून तीनदा तंबाखू वाटतात. चांगलं वागलं की जास्त, नियम मोडला की बंद. कर्मचारीही खातात, मीही खातो. बंद केली तर पेशंट पळून जातील आणि पुन्हा नशा करतील, असं वरिष्ठ म्हणतात. यात तथ्य आहे का?

उत्तर : भीती खरी आहे, पण पुरावा तिच्या बाजूने नाही. २००४ मध्ये १९ चाचण्यांचा एकत्रित आढावा निघाला. इतर व्यसनाच्या उपचारात असतानाच ज्यांना धूम्रपान सोडायलाही मदत दिली, त्यांची दारू आणि ड्रग्जपासून दीर्घकाळ दूर राहण्याची शक्यता २५ टक्क्यांनी जास्त दिसली. पुढच्या मोठ्या आढाव्यात एवढा फायदा दिसला नाही, पण तोटाही दिसला नाही. उलटं बोट दाखवणारी एक चाचणी अमेरिकेतल्या मिनेसोटाची आहे. दारूच्या पेशंटमध्ये दोन्ही उपचार एकदम सुरू केल्यावर दारूपासून दूर राहण्याचं प्रमाण थोडं घटलं. ती मी विसरत नाही. म्हणूनच अफूवर्गीय, म्हणजे ब्राऊन शुगरसारख्या, नशेचा पेशंट आला की टर्कीचा पहिला आठवडा मी तंबाखू सोडायच्या तारखेची घाई करत नाही. गोळी बसू देते. पण तंबाखूबद्दल विचारणं, तोंड तपासणं, औषध देऊ करणं पहिल्याच दिवशी करते. "नंतर बघू" म्हटलं की ते नंतर कधी येत नाही. पेशंट घरी जातो आणि विषय संपतो.

त्याच मिनेसोटात रॉचेस्टरला दारू आणि इतर नशांवर उपचार घेऊन गेलेल्या ८४५ जणांचा पुढे माग काढला. बहुतेक दारूचेच पेशंट. १९९६ मध्ये निकाल छापून आला तोवर त्यांतले २२२ वारले होते. ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं त्यांत निम्म्याहून थोडे जास्त तंबाखूच्या आजारांनी गेलेले, दारूमुळे साधारण एक तृतीयांश. ज्यासाठी उपचार केले त्यापेक्षा जास्त माणसं, ज्याकडे काणाडोळा केला त्याने नेली. दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या चळवळीच्या दोन संस्थापकांपैकी बिल विल्सन १९३४ पासून दारूच्या थेंबाला शिवले नाहीत आणि १९७१ मध्ये एम्फिसिमा या फुप्फुसाच्या आजाराने गेले. सिगारेट मात्र ते पुढेही बरीच वर्षं ओढत राहिले. त्यांच्या चळवळीने लाखो लोकांचे संसार वाचवले, याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण सभेबरोबर धूर ही प्रथाही त्याच काळापासून मुरली, आणि आपल्याकडे धुराच्या जागी पुडी आली.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे बक्षीस. चांगलं वागलास, घे चिमूट. जो माणूस नशेच्या बदल्यात वागणं ठरवायला शिकला होता, त्याला तुम्ही तेच पुन्हा शिकवताय. हे तेवढं उद्याच बंद करता येईल, त्यासाठी कुठल्या परवानगीची गरज नाही.

एका रात्रीत तंबाखूबंदीची पाटी मात्र लावू नका. औषध न देता काढून घेतली तर खरंच पळतील, आणि भिंतीवरून आत येणाऱ्या पुडीचा भाव तेवढा वाढेल. आधी केंद्राला येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून औषधांची सोय करा. दाखल होताना "सोडायचीय का?" असं विचारा. ज्यांना हवं त्यांच्यापासून सुरुवात करा. तंबाखूवाटपाच्या तीन वेळा म्हणजे पेशंटच्या गप्पांच्या वेळा असतात, ती सुट्टी ठेवा, पुडी काढा. विडीचं तर विचारूच नका. सार्वजनिक जागी धूम्रपानाला २००८ पासून देशभर मनाई आहे आणि केंद्राचा हॉल त्यातच येतो.

आणि तुम्ही स्वतः. कार्यकर्त्याच्या ओठात बार असताना त्याने घेतलेल्या गटचर्चेत पेशंट काय ऐकतात, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. तुमच्यातले बरेच जण एकेकाळी पेशंट होते, नशा सोडून याच कामाला लागले. तुमच्यावर त्या वेळी तंबाखूचे उपचार कुणी केले नाहीत. तेव्हा पहिला गट कर्मचाऱ्यांचाच करा, आणि त्यांना औषध केंद्राच्या खर्चाने द्या. वरिष्ठांना हा खर्च जास्त वाटला, तर एका कार्यकर्त्याच्या जबड्याच्या ऑपरेशनला किती लागतात ते त्यांना विचारा.

प्रश्न : वय ५२, नाशिक. कंबरदुखीसाठी दिलेली ट्रामाडोल सुटत नाही, दिवसाला आठ-दहा कॅप्सूल होतात. सिगारेट रोज एक पाकीट. निदान सिगारेट तरी सोडावी म्हणतो. मित्राची ब्युप्रोपिऑनने सुटली, त्याच्याकडे गोळ्या उरल्यात. घेऊ का?

उत्तर : नाही. ट्रामाडोलने स्वतःहून फिट येऊ शकते, आणि तुम्ही घेताय तेवढ्या डोसला तो धोका वाढलेला असतो. ब्युप्रोपिऑनही फिटची शक्यता वाढवतं. दोन्ही एकत्र म्हणजे घरात, नाहीतर गाडी चालवताना, आकडी. शिवाय ट्रामाडोलचं यकृतात ज्या वाटेने खरं वेदनाशामक बनतं, ती वाट ब्युप्रोपिऑन अडवतं. तुम्हाला वाटेल कॅप्सूल चालत नाही, आणि तुम्ही आणखी दोन घ्याल.

ट्रामाडोलही एकदम थांबवू नका. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं आहे. चिठ्ठीशिवाय देणाऱ्या दुकानदाराला त्याची काळजी असू दे, तुम्ही मानसोपचारतज्ज्ञांकडे बिनधास्त जा आणि कॅप्सूलचा खरा आकडा सांगा. कमी सांगितलात तर उपचाराचा डोसही कमी पडेल. सिगारेटसाठी तुम्हाला निकोटिनचा पॅच किंवा गम चालेल, व्हॅरेनिक्लिनचाही विचार करता येईल. पण पूर्वी कधी फिट येऊन गेली असेल, तर तेही त्यांना आधी सांगा. ट्रामाडोल आणि सिगारेट, दोन्हींवरच्या उपचारांची सुरुवात एकाच भेटीत होऊ शकते.

सिगारेट सुटली की कॉफी निम्म्यावर आणा. धुरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवत असतं. धूर थांबला की तेवढ्याच कपांतलं कॅफिन रक्तात जास्त साठतं. रात्री झोप लागत नाही, छाती धडधडते, आणि पेशंट समजतो की सिगारेट सोडल्यामुळेच हे होतंय.